घाटातला बँकर आणि ‘दोनच तारा’ : नाशिकरोडच्या एका लघुरेल्वेचे प्रकरण

नाशिकरोडला जेलरोड भागात एका बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याच्या छपराची एक खोली आहे आणि तिच्या दोन भिंतींना लागून, काटकोनात वळणाऱ्या टेबलावर, कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा थळ घाट लघुरूपात उभा केलेला आहे. तो उभा करणारे गृहस्थ रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले असून त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे याच मार्गावर गेली. मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला मास्तर म्हणतात, कारण मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ‘‘मास्तर, बँकर जळाला. आणि कंट्रोलरचा दिवा अजून हिरवाच आहे.’’ कंट्रोलर म्हणजे रुळांना वीज आणि आज्ञा देणारे यंत्र. या दोन वाक्यांतले दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचे होते, हे उमगायला मला दोन रविवार लागले.

बँकर म्हणजे गाडीच्या मागे लावलेले ढकलणारे इंजिन. थळ घाटाचा चढ ३७ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. एवढ्या चढावर पुढचे इंजिन एकट्याने भार ओढू शकत नाही, म्हणून कसाऱ्याला मागे बँकर जोडतात आणि इगतपुरीला काढून घेतात. काकांना नेमके हेच दृश्य हवे होते. टेबलावरही त्यांनी ३७ला १ हाच चढ राखला. खालच्या रुळावरून वरचा रूळ जाण्यासाठी लागणारी ८ सेंटिमीटर उंची गाठायला त्यांना जेमतेम ३ मीटर लांबीचा चढ पुरला. मापाच्या बाबतीत मात्र एक तडजोड आहेच. एचओ हे प्रमाण १:८७चे आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटर गेजची प्रतिकृती. आपला १६७६चा ब्रॉडगेज त्या प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरतो. काकांनी बाजारात मिळतात तेच रूळ घेतले आणि परदेशी बनावटीच्या इंजिनांना आपले रंग दिले. हे खटकणाऱ्याला खटकेल, पण प्रस्तुत प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

संबंध आहे तो नियंत्रणाच्या पद्धतीशी. जुन्या डीसी पद्धतीत रुळांवर विजेचा जितका दाब द्याल तितक्या वेगाने त्या रुळावरचे प्रत्येक इंजिन धावते. एकाच रुळावर पुढचे इंजिन हळू आणि मागचे जरा जोरात, असे तिथे करता येत नाही. घाटात नेमके तेच हवे असते. डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसी, ही पद्धत ती अडचण सोडवते. लेन्झ या जर्मन कंपनीच्या कामावर आधारलेली ही पद्धत अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. हिच्यात रुळांवर सतत पूर्ण दाब असतो, पण त्याची दिशा क्षणाक्षणाला उलटत राहते. उलटण्यातले अंतर ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो ‘एक’, १०० किंवा अधिक असेल तर तो ‘शून्य’. ही एक-शून्यांची माळ म्हणजेच आज्ञा आणि तीच वीजही. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर बसवलेला असतो. त्याला स्वतःचा क्रमांक असतो आणि आपल्या क्रमांकाची आज्ञा आली तरच तो मोटार हलवतो. नवीन डिकोडर सहसा ३ या क्रमांकावर ठेवलेला येतो. काकांनी दोन्ही इंजिने खोक्यातून काढून सरळ रुळावर ठेवली, तेव्हा दोन्ही एकदमच निघाली आणि घरात बराच वेळ हशा झाला. मग एकाचा क्रमांक बदलला. तेव्हापासून गाडीचे इंजिन काका चालवतात आणि बँकर त्यांची सहावीतली नात मोबाइलवरून चालवते.

या पद्धतीची जाहिरात एका वाक्यात होते, ‘डीसीसीला दोनच तारा लागतात.’ काकांनी ते वाक्य अक्षरशः घेतले. आज्ञेच्या दृष्टीने ते खरेही आहे. जुन्या पद्धतीत रुळाचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी तार आणि वेगळे बटण द्यावे लागे. ते सगळे जंजाळ डीसीसीत जाते. काकांनी कंट्रोलर दाराजवळच्या टेबलावर ठेवला, तिथून ४ मीटर अंतरावर कसाऱ्याच्या रुळाला दोन तारा डाग देऊन जोडल्या आणि पुढचे काम रुळांवर सोडले. तारा होत्या दाराच्या घंटीला वापरतात तशा बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरच्या. पुढे इगतपुरीपर्यंत ९१.४ सेंटिमीटर लांबीचे नऊ लवचिक रूळ, एकमेकांना लहान जॉइनरांनी जोडलेले. एका बाजूला आठ जॉइनर, दोन्ही बाजूंचे मिळून सोळा. कंट्रोलर ५ अँपिअरचा, रुळावरचा दाब १५ व्होल्ट.

मार्चमध्ये पहिली गाडी वर चढली. बारा डब्यांची मालगाडी, पुढे एक इंजिन, मागे एक. एप्रिलमध्ये काकांनी रूळ गंजाच्या रंगाने रंगवले आणि खडी घातली. दगडाची बारीक कच चाळून, रुळांमध्ये पसरून, तिच्यावर पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडला. फेविकॉल खडीत नीट मुरावा म्हणून त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले. काम अतिशय सुबक झाले. मे महिन्यात पत्र्याची खोली तापली आणि त्यानंतर बोगद्यापाशी गाडी अधूनमधून हिसका खाऊ लागली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि हिसके वाढले. बोगद्यातून बाहेर पडताच वळणावर मधले डबे रुळाबाहेर पडू लागले. काकांनी इंजिनाला तेल दिले, डब्यांची वजने वाढवली, चाकांमधले अंतर मापले. जुलैतल्या त्या संध्याकाळी इगतपुरीच्या सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागी, बँकर घसरला. सांधा उलट बाजूला लागलेला होता आणि इंजिनाचे एक चाक दोन विरुद्ध रुळांना जोडून अडकले. नातीने ‘‘आजोबा, वास येतोय’’ म्हणेपर्यंत बँकरची पुढची बोगी (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) एका बाजूला मेणासारखी वाकलेली होती आणि खालचे तीन स्लीपर रुळापासून सुटले होते.

शॉर्ट झाल्यावर कंट्रोलरने तत्काळ वीज तोडायला हवी होती. ती तोडली नाही, म्हणून काकांनी कंट्रोलर सदोष ठरवून विक्रेत्याकडे पाठवला. विक्रेत्याने तो तपासला, ठीक असल्याचे कळवले आणि परत पाठवला. यात तीन आठवडे गेले. विक्रेता टाळाटाळ करतो आहे, असा काकांचा समज झाला आणि खरे सांगायचे तर माझाही झाला. दरम्यान हिसके आणि जळणे ही दोन वेगळी दुखणी आहेत असे मी धरून चाललो. हिसक्यांना मी पावसाळी दमट हवेतली रुळावरची काजळी जबाबदार धरली आणि एक अख्खा रविवार आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिंध्या घेऊन रूळ पुसण्यात घालवला. रूळ लख्ख झाले, पण हिसके तसेच राहिले.

विक्रेत्याकडून परत आलेला कंट्रोलर मी त्याच्याच टर्मिनलवर एका तारेने शॉर्ट करून पाहिला. तो डोळ्याचे पाते लवायच्या आत तुटला, म्हणजे त्याने वीज तोडली. मग तेच कसाऱ्याच्या रुळावर एक रुपयाचे नाणे आडवे ठेवून केले, तिथेही तुटला. इगतपुरीला नाणे ठेवले आणि कंट्रोलरचा दिवा हिरवाच राहिला. नाणे मी दोन सेकंदांत उचलले, तरी बोटांना ते कोमट लागले. म्हणजे विक्रेता खरे बोलत होता आणि दोष वाटेत होता.

तो किती आहे हे मोजण्यात एक अडचण होती. साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेले असते. डीसीसीची वीज सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि तिचा आकार चौकोनी असतो, त्यामुळे अशा मीटरवरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून कंट्रोलर पूर्ण सोडवला, सर्व इंजिने रुळावरून उचलली आणि प्रयोगशाळेतला १५ व्होल्टचा डीसी पुरवठा त्या दोन तारांना जोडला. इंजिने उचलणे आवश्यक होते, कारण पुष्कळ डिकोडर साधी डीसी वीज मिळाली की तिला जुन्या पद्धतीची आज्ञा समजतात आणि इंजिन पूर्ण वेगाने सोडतात. इगतपुरीच्या टोकाला भार म्हणून मोटारगाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावला. बल्ब नसताना तिथे पूर्ण १५ व्होल्ट दिसत होते आणि काकांचा आजवरचा भरवसा याच आकड्यावर होता. बल्ब लावताच मीटर १० व्होल्टवर आला. प्रवाह १.६ अँपिअर. पाच व्होल्ट वाटेत खर्च होत होते, म्हणजे वाटेचा एकूण रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३.१ ओहम.

मग बल्ब पेटता ठेवून मीटरची दोन टोके टप्प्याटप्प्याने लावत गेलो. घंटीच्या तारांत १.१ व्होल्ट गेले. नुसत्या रुळांत, जॉइनर वगळून, २.५ व्होल्ट गेले, हे काकांना पटेना. या रुळांच्या धातूला निकेल-सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण आहे आणि त्याचा रोध तांब्याच्या पंधरापटीहून अधिक भरतो. रूळ जाड दिसतो म्हणून तो चांगली तार आहे असे वाटते, इतकेच. उरलेल्या १.४ व्होल्टांपैकी पंधरा जॉइनर आणि स्क्रूचे कनेक्टर यांनी मिळून अर्धा व्होल्ट घेतला. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या एकाच जॉइनरने ०.९ व्होल्ट घेतला.

तो जॉइनर वरून पाहता निर्दोष होता. खडी त्याला चिकटून बसली होती, गंजाचा रंग छान उतरला होता. मीटरची टोके जॉइनरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रुळावर ठेवून मी पलीकडचा रूळ बोटाने हलकेच दाबला; आकडा ०.९ वरून ०.१ वर आला आणि इगतपुरीचा बल्ब उजळला. बोट काढले, बल्ब मंदावला. रूळ बाजूला रेटला तेव्हा बल्ब क्षणभर विझलाच. काका स्टूल ओढून बल्बासमोर बसले आणि मी दाबत-सोडत असताना पाच मिनिटे काही न बोलता त्याच्याकडे पाहत राहिले. नंतर जॉइनर कापून काढला, तेव्हा त्याच्या पोटात फेविकॉलचा पारदर्शक पापुद्रा होता. साबणाच्या थेंबांमुळे पातळ झालेला फेविकॉल खडीत जसा मुरला तसाच तो केशाकर्षणाने जॉइनरमध्येही शिरला होता. मार्च-एप्रिलमध्ये धातूला धातू टेकलेला होता, म्हणून चालून गेले. मे महिन्याच्या उष्णतेत रूळ लांबला, पावसाळ्यात प्लायवूड फुगले, दोन्हींच्या ओढाताणीत टेकलेली जागा सुटली आणि तिच्यात हा पापुद्रा सरकला.

आता दोन्ही दुखण्यांचा उगम एकच असल्याचे दिसू लागले. बोगद्याच्या तोंडाशी पुढचे इंजिन त्या जॉइनरवर आले की त्याच्या वजनाने रूळ हलत असे, त्याची वीज क्षणभर तुटत असे आणि ते थबकत असे. मागे, जॉइनरच्या अलीकडे असलेल्या बँकरची वीज शाबूत असल्याने तो ढकलतच राहत असे. पुढून अडवलेले आणि मागून रेटलेले डबे वळणावर बाहेर फेकले जाणे अटळ होते. नातीला या काळात ‘तू फार जोरात ढकलतेस’ म्हणून बोलणी खावी लागली होती. काकांनी तिला बोलावून मीटर दाखवला, आणि माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत आवश्यक भाग होता.

जळण्याचे गणित त्याहून सोपे आहे. इगतपुरीला शॉर्ट झाल्यावर वाटेतला ३.१ ओहम आणि चाकाच्या स्पर्शाचा सुमारे ०.३ ओहम मिळून ३.४ ओहम होतात. १५ व्होल्टला ३.४ने भागले की ४.४ अँपिअर येतात. कंट्रोलर ५ अँपिअरला तुटतो. त्याच्या दृष्टीने घाटात एक अवजड गाडी चालली होती, इतकेच. शॉर्ट झाल्याचे त्याला कळायला मार्गच नव्हता. एकूण ६६ वॅट उष्णता या वाटेवर निर्माण होत होती, आणि त्यातली जवळपास ६ वॅट चाक आणि रूळ यांच्या सुईच्या अग्राएवढ्या जागेत. काका ज्या सोल्डरिंग गनने डाग देतात ती २५ वॅटची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्लॅस्टिकच्या बोगीचे काय होणार हे वेगळे सांगायला नको. शॉर्टचा प्रवाह जास्त असता तर बँकर वाचला असता, ही गोष्ट प्रथमदर्शनी उफराटी वाटते. पण घरच्या फ्यूजचेही असेच आहे.

मी हे सगळे कागदावर मांडत असताना काकांनी मला मध्येच थांबवले. ‘‘अहो मास्तर, म्हणजे मी एका सबस्टेशनवर अख्खा घाट चालवत होतो की!’’ इगतपुरीपर्यंतचा मार्ग पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर चालत असे आणि त्यापुढे २५ किलोव्होल्ट एसी. त्यामुळे इगतपुरीला इंजिने बदलावी लागत. डीसीच्या कमी दाबाला प्रवाह जास्त लागतो, तारेतली दाबाची घट वाढते, म्हणून त्या काळी काही किलोमीटरांवर एक सबस्टेशन असे. २५ किलोव्होल्टला ती कितीतरी दूरदूर असली तरी चालतात. ज्या माणसाने आयुष्यभर ही घट सांभाळली, त्याच्या स्वतःच्या टेबलावर मात्र एकच सबस्टेशन होते आणि तेही घंटीच्या तारेवर. त्यानंतर मला काही समजावून सांगावे लागले नाही.

दुरुस्तीत पहिला वाद जॉइनरना डाग देण्यावरून झाला. सोळाही जॉइनर डाग देऊन पक्के करावेत, असे काकांचे म्हणणे. बरेच छंदिष्ट तसे करतातही. मी त्याला विरोध केला. वातानुकूलित खोलीत ते चालून जाईल, पण नाशिकच्या मे महिन्यात पत्र्याखालची ही खोली पहाटे आणि दुपारी यांत सहज २० अंशांचा फरक दाखवते. एवढ्या फरकाने एक मीटर रूळ साधारण एक-तृतीयांश मिलिमीटर लांबतो; सव्वाआठ मीटरचा अखंड रूळ जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर जागा मागतो आणि ती न मिळाल्यास वळणावर फुगतो. जॉइनरने रूळ सरळ रेषेत धरावेत, वीज वाहू नये, असे आम्ही ठरवले. फक्त वळणावरचे दोन जोड, जिथे कोन राहू नये म्हणून डाग हवाच असतो, तेवढे पक्के केले.

वीज वाहण्यासाठी टेबलाखालून, रुळाच्या वाटेनेच, घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी तार कंट्रोलरपासून इगतपुरीपर्यंत नेली. मेन रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मीटरवर मिळते. दोन्ही तारांना एकमेकींभोवती हातभर अंतरात तीन-चार पीळ दिले, कारण इतक्या वेगाने उलटणाऱ्या विजेला दूरदूर पसरलेल्या दोन तारा मानवत नाहीत. नऊही रुळांना प्रत्येकी दोन, असे अठरा फीडर (रुळाला वीज पोहोचवणारे आखूड जोड) ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचे, वीतभर लांबीचे, रुळाच्या बाहेरच्या बाजूला डाग देऊन खाली मुख्य तारेला जोडले. लाल तार दरीच्या बाजूच्या रुळाला आणि काळी डोंगराच्या बाजूला, हा नियम खडूने टेबलाखाली लिहून ठेवला. तरीही तेरावा फीडर उलटा लागला आणि कंट्रोलरने तो लगेच दाखवून दिला. इगतपुरीच्या सांध्याच्या मधल्या धातूच्या नाकाला सांध्याच्या मोटारीवरच्या स्विचमधून वीज दिली, म्हणजे सांधा ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या रुळाचीच वीज त्या नाकाला मिळते.

पुन्हा डीसी पुरवठा, पुन्हा तोच बल्ब. इगतपुरीला १४.५ व्होल्ट, १.९ अँपिअर, वाटेचा रोध पाव ओहम. आता त्या टोकाला शॉर्ट झाला तर प्रवाह पाचाच्या कितीतरी पुढे धाव घेतो आणि कंट्रोलर तुटतो. नातीने कंट्रोलर जोडून रुपयाचे नाणे हातात घेतले आणि कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत दर वितीवर ते ठेवत गेली. ती प्रत्येक वेळी मोठ्याने ‘तुटला’ म्हणे आणि काका वहीत टिंब देत. पस्तीसच्या पस्तीस वेळा तुटला.

त्यानंतर एक नवे दुखणे निघाले, ते चांगल्या वायरिंगमुळेच. कसाऱ्याच्या मागे, डोंगराच्या आत, गाडी वळून त्याच रुळावर परत यावी म्हणून एक वेढा आहे. अशा वेढ्यात फिरून आलेला डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. म्हणून वेढ्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापून वेगळे करतात आणि शॉर्टचा सुगावा लागताच वेढ्याची वीज आपोआप उलटवणारे एक लहान उपकरण तिथे बसवतात. जुन्या वायरिंगमध्ये शॉर्टचा प्रवाह रेंगाळत वाढे आणि या उपकरणाला सवड मिळे. आता प्रवाह इतका झपाट्याने वाढला की उपकरणाने वीज उलटवण्याआधीच कंट्रोलर तुटे आणि सगळा घाट बंद पडे. उपकरणाची मर्यादा २ अँपिअरपर्यंत खाली आणल्यावर हे थांबले. वेढ्याची लांबी मात्र १.४ मीटर आणि धातूच्या चाकांची गाडी २ मीटरहून लांब असल्याने तिची चाके दोन्ही टोकांचे काप एकाच वेळी जोडतात, त्यामुळे पूर्ण गाडी तिथून आजही फिरवता येत नाही, फक्त इंजिन फिरते. काकांना हे मान्य आहे. डोंगर फोडायला ते तयार नाहीत.

बँकरची बोगी बदलली. दोन्ही इंजिनांचा सुरुवातीचा आणि कमाल वेग डिकोडरमध्ये नव्याने जुळवून घेतला, कारण आधीचे आकडे १० व्होल्टच्या घाटात ठरवलेले होते आणि १४.५ व्होल्टला बँकर उतावीळ झाला. फेविकॉल तोच, पण जॉइनरजवळ आता साबणाचे पाणी वापरत नाहीत. तिथली खडी कोरडी ठेवून वरून ब्रशने चिकटवतात. परीक्षेचा बल्ब मी परत नेणार होतो, पण काकांनी तो कसाऱ्याच्या यार्डाला जाणाऱ्या तारेत कायमचा बसवून घेतला. यार्डात काही घसरून शॉर्ट झाला की सगळा दाब बल्बावर येतो, तो पेटतो, प्रवाह २ अँपिअरच्या आसपास अडतो आणि घाटातली गाडी चालत राहते. टेबलाखालून उजेड आला की नात बँकर थांबवते आणि काका चष्मा लावून यार्डात वाकतात.